पिवळ्याला पिवळा दाखवणारा फोन

समुद्रपूरचे आमचे भूपेंद्रभाऊ गावोगावी कापूस पाहून तो विकत घेणाऱ्या जिनिंगवाल्याला त्याचे फोटो पाठवतात. दोन महागड्या फोनांपैकी कोणता घ्यावा, या विचारात आठ दिवस त्यांची झोप उडाली होती. शेवटी पावसात भिजलेला पिवळट कापूस खिशात घालून ते वर्ध्याच्या दुकानात गेले. दोन्ही नव्या फोनांत तो दुधासारखा पांढरा दिसला.

"किती छान आला, काका," दुकानातली आचल म्हणाली.

"हेच तं नाई पाह्यजे मले. पिवळा माल हा पांढरा दाखवते, अन् शिव्या मी खातो."

त्यांच्या जुन्या फोनमध्ये पिवळा कापूस पिवळाच आला. तिथंच त्याची बॅटरी बदलून घेतली. परतीच्या एसटीत भाऊंना कंडक्टरने समुद्रपूरला हलवून उठवलं.