उजेडावर चालणारे कॅमेरे

किस्से आमच्याच वाट्याला एवढे का येतात, देव जाणे! वाशीममध्ये आम्ही तिघंच असे येडे: मी, आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवलेले गजाननभाऊ आणि घड्याळं दुरुस्त करणारे सलीमभाई. आम्हाला उजेड स्वतःच मोजणारे जुने रोलचे कॅमेरे लागतात. बॅटरी नाही. भिंगाभोवती खडबडीत काचेचं कडं असतं, त्याचे बारीक फोड उजेड गोळा करतात आणि आतला काटा हलतो. उजेड कमी पडला तर कॅमेरा बटण दाबूच देत नाही! आतल्या रोलला मात्र उजेड वर्ज्य; लागला की फोटो गेले. वर्षानुवर्षं उजेड खाऊन आता त्यातले बहुतेक मेलेत. एक तरी जिवंत मिळावा, एवढीच माझी हौस. पण लोक ती पुरी होऊ देतील तर शपथ!

*

एका भंगारवाल्याने माझ्यासाठी कॅमेरा राखून ठेवला. "काचेले पुटकुळ्या होत्या सायेब. पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली!" आणि वर शाबासकीची वाट पाहत उभा!

*

माझ्या सख्ख्या साडूकडे तर चालू कॅमेरा होता. "सोलरच हाय ना हा? अख्खा उन्हाळा गच्चीवर चार्जिंगले ठेवला!" आमच्या वाशीमच्या उन्हात! कव्हर पापडासारखं वळलं, काटा कायमचा झोपला. वर मलाच विचारतो, "आता किती वर्सं चालन?"

*

आमचे तज्ज्ञही कमी नाहीत. गजाननभाऊंनी एक कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबेना. "मेला हा. खोल सलीम, पार्ट कामी येतीन." सगळे स्क्रू टेबलावर आल्यावर सलीमभाई ओरडले, "भाऊ, भिंगावरचं टोपण तं तसंच हाय!"

"मंग तू खोलाच्या आंधी काहून नाही पाह्यलं?" भाऊ उलट त्यांच्यावरच तापले.

*

मग मंगरूळपीरच्या एका दिवंगत मास्तरांच्या कॅमेऱ्याचा पत्ता लागला, त्यांच्या घरून बोलावणंही आलं. रस्ताभर मी दोघांना दम देत होतो, "कोणीही हात लावायचा नाही. मीच पाहणार!"

मास्तरांच्या पत्नी शेवंताबाईंनी पेटीतून, लुगड्यांखालून कॅमेरा काढून दिला आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी खिडकीशी गेलो. बटण दाबलं. खट्! जिवंत! शटरची पाती उघडझाप करतात का ते पाहायला मी मागचं दार उघडलं.

शेवंताबाई कप घेऊन आल्या.

"कॅमेरा द्याचा नाही बाप्पा मले. आत रोल हाय. मास्तराइनं शेवटी नातीच्या बारशाचे फोटो काढले होते. इथं कोणी धुऊन देत नाही, म्हून तुमाले बोलावलं. कधी देसान?"