ड्रॉइंगमध्ये नसलेला रेझिस्टर

तळोज्याच्या कारखान्यात रुतिका आली आणि बाबासोंच्या पोटात दुखायला लागलं. पोर सारसोळ्याची, डिप्लोमा झालेली, वय बावीस. आणि हे साताऱ्याहून येऊन एकोणीस वर्षं सोल्डरिंगचा धूर खाल्लेले. पूर्वी शेठ सकाळी आधी बाबासोंच्या टेबलाशी थांबायचे, आता थेट तिच्याकडे जायचे. ते बघून बाबासोंना चहासुद्धा कडू लागायचा.

कारखान्यात लिफ्टमधल्या इमर्जन्सी दिव्याचे बोर्ड बनत. बॅटरी अकरा व्होल्टच्या खाली उतरली की बोर्डाने दिवा बॅटरीपासून तोडायचा. हे काम कम्पॅरेटरचं. त्याच्यासमोर दोनच व्होल्टेज असतात, एक बॅटरीचं आणि एक ठरवून दिलेलं. त्यातलं मोठं कुठलं, एवढंच तो सांगतो. कितीने मोठं, ते त्याला विचारू नये. बाबासोंच्या बोर्डावर त्याची वेगळी चिप असे. रुतिकाने प्रोग्रामवर चालणारा एकच मायक्रोकंट्रोलर बसवला, कम्पॅरेटर त्याच्या पोटातच. बोर्ड निम्म्याने लहान झाला. शेठ म्हणाले, हा पास झाला तर टेस्टिंगचं टेबल रुतिकाकडे. ते टेबल बाबासोंचं होतं.

पण चाचणीत तिचा बोर्ड कटकट करायला लागला. दिवा तुटला की भार उतरून बॅटरी जराशी वर यायची, कम्पॅरेटर लगेच दिवा जोडायचा, बॅटरी पुन्हा खाली. दिवा जोडणारा-तोडणारा रिले काही थांबेना. बाबासोंना आतून गुदगुल्या झाल्या. याचा इलाज त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी स्वतः शोधला होता. कम्पॅरेटरच्या उत्तराचा थोडा अंश एका रेझिस्टरमधून त्याच्याच इनपुटच्या पायाकडे परत नेला, की तोडायची हद्द वेगळी आणि जोडायची वेगळी होते. हा रेझिस्टर ड्रॉइंगमध्ये नव्हता. बाबासो तो गपचूप लावत आणि कुणाला ताकास तूर लागू देत नसत.

जेवणाच्या सुट्टीआधी रुतिका त्यांचा बोर्ड घेऊन आली. "काका, हा रेझिस्टर ड्रॉइंगमध्ये नाहीये. कशाला लावलाय?"

"त्येचं काय काम न्हाय गं," बाबासो मान वर न करता म्हणाले. "जुन्या डिझाइनचं उरलंय."

त्या दिवशी ते डबा चाटूनपुसून जेवले.

चौथ्या दिवशी तिचा बोर्ड शहाण्यासारखा वागला. दिवा अकरा व्होल्टला तुटला आणि बॅटरी बारा व्होल्टवर जाईपर्यंत जोडला गेला नाही. शेठनी सगळ्यांना बोलावलं. "काय केलंस गं?"

"काकांच्या बोर्डावरचा एक रेझिस्टर काढून बघितला, सर. काढल्यावर तो पण कटकट करायला लागला. मग कळलं, तोडायची आणि जोडायची हद्द वेगळी हवी. तेच मी प्रोग्राममध्ये टाकलं."

शेठ वळले. "म्हणजे आयडिया तुमची, बाबासो?"

बाबासोंचा ऊर भरून आला. ते तोंड उघडणार, तोच रुतिका अगदी सरळ मनाने म्हणाली, "नाही सर, मी विचारलेलं काकांना. त्यांना पण माहीत नव्हतं. जुनं उरलेलं म्हणून लावत होते."

आता खरं सांगावं, तर पोरीला मुद्दाम बुडवायला निघालो होतो हेही सांगावं लागणार.

"इतकी वर्षं नुसतं उरलेलं म्हणून लावलंत?" शेठ हसले.

"व्हय," बाबासो म्हणाले, आणि टेबल रिकामं करायला लागले.