चांगुणाची झीलकरी

माझी भाची लुंबिनी नाटकं बसवते. लातूरच्या पोरापोरींना घेऊन ती नांदेडला नाट्यस्पर्धेला निघाली, तेव्हा तिनं मलाही गाडीत घातलं. तिच्या नाटकात जलशाचा प्रसंग होता आणि जलसा म्हणजे काय, हे त्यातल्या एकाही पोरीला ठाऊक नव्हतं. नऊवारी नेसून टाळ्या वाजवायच्या, एवढाच त्यांचा हिशेब. "मावशी, तू नुसती उभी राहून दाखव," लुंबिनी म्हणाली. मी हो म्हटलं, पण मनात म्हटलं, उडत गेलं तुझं नाटक, मला नांदेडात चांगुणा भेटायला हवी.

चांगुणा आमच्या जलशाची म्होरकी आणि मी, धुरपता, तिची झीलकरी. म्होरकीनं कडवं गायचं, शेवटचा शब्द लांबवून बोट वर केलं की झीलकरणीनं धृपद उचलायचं, अशी आमची वाटणी. भीमजयंतीच्या दिवसांत बाबासाहेबांची गाणी गायला अख्ख्या चाकूर तालुक्यातून आम्हाला बोलावणी असायची. चांगुणा उंच, काळीसावळी, दात जरा पुढे. पण गळा असा की माणसं भरलं ताट सोडून यायची. एकदा माईक बंद पडला, तर मंडपवाल्याला म्हणाली, "राहू दे भाऊ. त्यो पुढाऱ्यायला लागतो, मला न्हाई लागत." शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. गाणी खुरपता खुरपता रचायची आणि डोक्यात ठेवायची.

मग तिच्या नवऱ्याला नांदेडात गवंडीकाम मिळालं आणि ती गेली. ढोलकीवाले मारोतीदादा वारले, जलसा मोडला. ती बांधकामावर विटा वाहत राहिली, नवरा गेल्यावरही वाहत राहिली आणि एकुलत्या एक मुलीला, संघमित्राला, तिनं नर्स केलं. हे सगळं मला इकडून तिकडून कळायचं. भेट मात्र व्हायची नाही. तिचं काम सुटायचं नाही, माझी अंगणवाडी सुटायची नाही.

प्रयोगाच्या सकाळी विहारात पत्ता विचारून मी तिच्या दारात उभी राहिले. दार संघमित्रानं उघडलं. आत बाजेवर चांगुणा बसली होती, गळ्याभोवती पांढरं फडकं. मला बघून उठली आणि पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळले. बोलली मात्र काहीच नाही.

"अगं, मेलीस काय तिकडं? एक फोन करता आला न्हाई?" मी ओरडले.

तिनं फडकं बाजूला केलं. गळ्याला भोक होतं. मिश्रीच्या सवयीनं घात केला होता, कॅन्सर झाला होता. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकली. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे, पण त्या क्षणी ती झडून पडली असती तर बरं झालं असतं.

चहा झाला. संघमित्रा माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, आईनं आजीवर गाणं केलं होतं ना? आजीला मी पाह्यलंच न्हाई. घरात फोटोसुद्धा न्हाई. आई घरी कधी म्हणायची न्हाई ते. विचारलं की म्हणायची, झील द्यायला धुरपता लागते. ऑपरेशनला नेताना मी रडून राहिले, तर मला म्हणाली, रडू नको, गाणं माझ्यासंगं जात न्हाई, धुरपतापाशी हाय." आणि तिनं मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून तो माझ्यापुढे धरला.

चांगुणा माझ्याकडे बघत होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती इतकी खूश दिसली नव्हती.

मी धृपद उचललं.

अशी होती माझी माय,
कुणी पाहिली काय?

आणि थांबले. पुढचं कडवं तिचं होतं. ते मी जन्मात कधी गायलं नव्हतं.

लोकांना वाटतं, शेजारी उभं राहून शंभरदा ऐकलं तर पाठ होतंच. होत नाही हो. कडव्यात झीलकरणीचे कान शब्दांवर नसतात. म्होरकीचा दम कुठे संपतो, ढोलकी कुठे वळते, बोट कधी वर होतं, तिकडे असतात. शब्दांत गुंतली तर झील चुकते, आणि माझी कधी चुकली नाही. तिसऱ्या कडव्यात चांगुणा कुठे श्वास घ्यायची, कुठे तिचा आवाज भरून यायचा, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण तिची आई कशी होती, काय नेसायची, कशानं गेली, यातला एक शब्द माझ्याजवळ नव्हता.

मी पुन्हा धृपद म्हटलं. पुन्हा थांबले.

"म्हणा ना मावशी," संघमित्रा म्हणाली.

"मला कडवी येत न्हाईत गं. मी झीलकरी हाय."

चांगुणाचा चेहरा बघवेना. ती रडली तेव्हा आवाजच आला नाही, नुसती भोकातून हवा येत-जात राहिली. माझा जीव तुटला. बाई, तू सगळं माझ्या भरवशावर ठेवलंस, आणि मला ठाऊकसुद्धा नव्हतं!

मग तिनं डोळे पुसले. ताठ बसली. डावा हात कानावर ठेवला आणि ओठ हलवू लागली. मी डोळे फाडून बघत होते. एखादा शब्द कळल्यासारखा वाटायचा, तोवर पुढचा आलेला असायचा. कडवं संपलं, तिनं बोट वर केलं. मी धृपद उचललं. तिनं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. एकही कडवं गाळलं नाही. संघमित्रानं मोबाईल धरलेला हात शेवटपर्यंत खाली केला नाही.

दुपारी नाट्यगृहात लुंबिनीनं संघमित्रानं पाठवलेलं ते रेकॉर्डिंग मोबाईलवर ऐकलं. तिला आमची चाल नाटकासाठी आवडली.

"मावशी, पण तू दोन ओळी म्हणतेस आणि मध्ये कितीतरी वेळ नुसतं रिकामंच आहे. तेवढं कापून टाकू?"

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं. "तिथं चांगुणा गाऊन राहिली."