दोन्ही चाकांना खिळे

उत्तरेकडच्या बर्फाळ औलू गावातल्या शाळेच्या मुदपाकखान्यात काम करणारी हिल्का दर हिवाळ्यात 'पडायची'. एका वर्षी दात, एका वर्षी मनगट, गेल्या वर्षी दोन बरगड्या. यातला फक्त दात बर्फानं घेतला. बाकी सगळं नवऱ्याचं, तौनोचं काम. पण ज्या गावात अख्खा हिवाळा सायकलवर जातो, तिथे सुजलेल्या तोंडाला कोण कारण विचारतो? "निसरडं होतं," म्हटलं की संपलं.

खोट्याची वाट अशी आयती मोकळी असेल तर माणूस खरं कशाला बोलेल? हिल्कानेही एकोणीस वर्षं तोंड उघडलं नाही. यंदा नोव्हेंबरात तौनोनं तिचा गळा धरला. त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिला कळून चुकलं, की पुढच्या 'पडण्यातून' आपण उठणार नाही. तरी बोलायचा धीर होईना. ती सरळ रेइयोच्या सायकल दुकानात गेली.

"पुढच्या चाकाला खिळ्यांचा टायर घाल, मागे साधा चालतो," म्हातारा रेइयो म्हणाला. "सगळे तेच करतात."

"दोन्हीला. सर्वांत जास्त खिळे असलेला."

"अगं, मग तुला पडायचं म्हटलं तरी पडता यायचं नाही."

"तेच हवंय मला."

"पहिले काही दिवस कोरड्या रस्त्यावर हळू चालव. खिळे नीट बसू देत."

तौनो टायर बघून खदखदून हसला. "राणीसाहेब आता भिंतीवर चढणार वाटतं!" कशासाठी घेतले, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

डिसेंबरातल्या एका बुधवारी बटाटे करपले. त्यानं तिला केसांना धरून दाराच्या चौकटीवर आपटलं, खाली पडल्यावर लाथा घातल्या आणि मग उरलेले बटाटे खाल्ले.

गुरुवारी रस्ता काचेसारखा झाला होता. खिळे लाह्यांसारखे तडतडत होते; सायकल जराही घसरली नाही. मुदपाकखान्यात तिच्या जोडीला काम करणारी सेइया वाटाण्याचं सूप ढवळत होती.

"पुन्हा पडलीस?" सेइयानं सवयीनं विचारलं. मग तिची नजर खिडकीबाहेर सायकलकडे गेली. "त्या टायरांवर?"

सवयीचं उत्तर हिल्काच्या जिभेवर आलं होतं. पण ते आता चालणार नव्हतं, तिनंच ते निकामी करून ठेवलं होतं.

"पडले नाही," ती म्हणाली. "तौनोनं मारलं. नेहमी तोच मारतो."

सेइयानं डाव ठेवला आणि फोन उचलला. त्या दिवशी सूप तळाला लागलं.

दुपारी पोलीसबाई हिल्कासोबत घरी आली. बाईही सायकलवाली होती. तौनो दारातच आडवा उभा राहिला.

"बर्फावर पडते ती. दर वर्षी पडते. विचारा कुणालाही."

पोलीसबाई वाकली, हिल्काच्या सायकलच्या मागच्या टायरच्या खिळ्यांवर अंगठा दाबून बघितला आणि तौनोला म्हणाली, "कोट घाला."