गोळीत काय हाय?

लिंबाजी गजभारे यांना काही विकायचं म्हणजे विकणाऱ्याची परीक्षा असायची. ते इतके सवाल विचारत की दारात आलेला माणूस आपली पिशवी उचलून पुढच्या घराकडं निघून जाई. उभी नोकरी वीज मंडळात लाइनमन म्हणून गेली, तीही बहुतेक भोकर तालुक्यातच. तार मेलेली आहे, तिच्यात वीज नाही, असं दहा जणांनी सांगितलं, तरी स्वतः तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, हे अंगात मुरलेलं. रिटायर झाल्यावर खांब सुटले, सवय सुटली नाही. ती घरातल्या चीजवस्तूंवर उतरली. त्यांच्या पत्नी पंचशीलाबाई अंगणवाडीत होत्या. त्या शेजारणींना सांगत, "ह्यांना वरण वाढलं तरी इचारतात, आज येगळं काय टाकलंय."

मागच्या हिवाळ्यात त्यांना निमोनिया झाला. आधी साधा खोकला, मग ताप, मग एका रात्रीत श्वास पुरेना. नांदेडला नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. घरी परतले तेव्हा सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाजवळ काही ना काही उपाय होताच. मुलगा आदर्श लातूरला नोकरीला. तो व्हिटॅमिनच्या गोळ्यांची भलीमोठी बाटली घेऊन आला.

"रोज एक घ्या, बाबा. छातीचं इन्फेक्शन होत न्हाई म्हणे."

"कोन म्हणतं?"

"मेडिकलवाला."

लिंबाजींनी गोळ्या घ्यायला सुरुवात केली, पण जरा बरं वाटताच बाटली घेऊन ते भोकरमधल्या मेडिकलवर गेले. "ह्यानं निमोनिया होत न्हाई, हे कळलं कसं?"

"प्रतिकारशक्ती वाढते, काका."

"ते ऐकलं. पन कळलं कसं?"

मेडिकलवाल्यानं मागच्या गिऱ्हाईकाकडं पाहून विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

तो सवाल तसाच राहिला. दसऱ्याच्या आसपास पंचशीलाबाई ग्रामीण रुग्णालयातून रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "जा. तुमच्या सवालाचं दुकान उघडलंय दवाखान्यात."

नांदेडहून डॉ. मनस्विनी नावाच्या एक तरुण डॉक्टर येत होत्या. साठीच्या पुढच्या माणसांना व्हिटॅमिन आणि झिंकसारख्या खनिजांची गोळी हिवाळाभर दिली, तर सर्दी, खोकला, निमोनिया कमी होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. लिंबाजी समोरच्या खुर्चीवर बसले ते पुढं सरकूनच.

"अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल," डॉक्टर म्हणाल्या. "अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. म्हणजे रिकामी."

"मला कोनची?"

"मला माहीत नाही, काका."

"सांगायचं न्हाई, का माहीतच न्हाई?"

"खरंच माहीत नाही. कुणाची बाटली कुठली, हे नांदेडला एकाच माणसाजवळ आहे. तो इकडं फिरकणारसुद्धा नाही. मला कळलं, तर तुमची छाती तपासताना माझा कान एका बाजूला झुकेल. तुम्हाला कळलं, तर तुम्ही थंडीत बिनघोर फिराल, नाहीतर साधी शिंक आली तरी घाबराल. मग खरं काय ते कुणालाच कळणार नाही."

लिंबाजी घरी आले ते जत्रेतून आल्यासारखे. "डॉक्टरलाच माहीत न्हाई!" त्यांनी पंचशीलाबाईंना सांगितलं, मग भिंतीपलीकडच्या शेषेरावांना सांगितलं. शेषेराव तहसीलमधून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, दर हिवाळ्यात शिंकांनी हैराण होणारे. फुकटात गोळी मिळते म्हटल्यावर तेही गेले. दोघांनी समजून-उमजून संमतीपत्रावर सह्या केल्या. डॉक्टरांनी आधीच्या ताकदीच्या गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या, म्हणून आदर्शची बाटली कपाटात गेली.

थोड्याच दिवसांत शेषेराव सांगू लागले, "माजी खरीच हाय. भूक लागून राहिली. गुडघे हलके झाले बग."

लिंबाजींना मात्र काहीच वाटेना. भूक होती तेवढीच, गुडघेही होते तसेच. मग तपास सुरू झाला. एक गोळी त्यांनी चावून पाहिली. कडू लागली. पण रिकामी गोळीही कडू करता येत असेल की. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून गोळीवरून फिरवलं. गोळी हलली नाही. वाटीत पाण्यात टाकली, विरघळली, खाली पांढरा साका राहिला. पंचशीलाबाईंनी ती वाटी पाहिली आणि त्या दिवसापासून त्यांच्यासाठी वेगळीच वाटी काढून ठेवली.

एका सकाळी ते मोरीतून बाहेर आले ते चेहरा उजळूनच. लघवी पिवळीधमक झाली होती. लातूरची बाटली चालू होती तेव्हाही अशीच व्हायची, हे त्यांना आठवलं. म्हणजे सापडलं! अजून एकच खातरजमा उरली होती. ते भिंतीशी गेले.

"शेषेराव, एक इचारू का? सकाळी लघवीला जाता तवा रंग कसा आस्तो?"

"लिंबाजी, वय काय झालं तुजं?"

"सांगा की."

"बिलकुल सांगनार न्हाई," शेषेराव म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस ते भिंतीकडं फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आपणच आले, पण रंगाची गोष्ट निघाली नाही. ते दुसराच विचार घेऊन आले होते. गावात थंडी वाढली होती, जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, जो तो खोकत होता, आणि आपल्या गोळीबद्दल शेषेरावांची खात्रीही जरा डळमळली होती. आपली बाटली भिंतीवर ठेवून ते हळूच म्हणाले, "असं करू. दोघांच्या गोळ्या एकात मिसळू आन अर्ध्या अर्ध्या वाटून घेऊ. एक तरी खरी आसंलच. दोघांच्या पोटात थोडं थोडं जाईल."

मागच्या वर्षीचा तो पुरा न पडणारा श्वास लिंबाजींना आठवला. स्वतःची बाटली हातातच होती. झाकणावर अंगठा होता. खरं सांगायचं तर मोह झाला. पण झाकण घट्ट आवळून ते म्हणाले, "मी खांबावर आन खाली कोनी न सांगता लाइन चालू केली, तर? आपन खांबाखालचे, शेषेराव. ती डॉक्टर पोरगी वर चढलीय. तिला न सांगता काय करायचं न्हाई."

"पन तुजी रिकामी निगाली तर?"

"तर निगाली."

शेषेरावांना ते पटलं नाही, पण त्यांनी आपली बाटली परत नेली.

जानेवारीत लिंबाजींना गाठलंच. नाक वाहू लागलं, घसा धरला, मग छातीत घरघर. पंचशीलाबाई रात्री उठून त्यांच्या श्वासाकडं कान लावून बसत. गोळी घेणाऱ्यांना रुग्णालयातून दर आठवड्याला चौकशीचा फोन करणाऱ्या सिस्टरांना त्यांनी सारं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर येऊन छाती तपासून गेल्या. निमोनिया नव्हता. वाफ, ताप उतरायचं औषध, आराम. आठवड्यानं ते अंगणातल्या उन्हात बसू लागले.

भिंतीपलीकडून शेषेराव पाहत होते. त्यांना यंदा शिंकसुद्धा आली नव्हती. "म्हनलं व्हतं का न्हाई? माजी खरी, तुजी रिकामी."

"मग पिवळी कशी?" लिंबाजी पुटपुटले. आजारापेक्षा त्यांना तेच जास्त छळत होतं.

होळी झाल्यावर डॉक्टरांनी भाग घेतलेल्या सगळ्यांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात बोलावलं. चहा होता, पंखा होता. पंचशीलाबाईही सोबत आल्या होत्या. डॉक्टर उभ्या राहिल्या आणि सरळच म्हणाल्या, "खरी गोळी घेणारे जेवढे आजारी पडले, साधारण तेवढेच रिकामी घेणारेही पडले. आजारपण लांबलं तेही सारखंच. आपल्या भोकरच्या एवढ्या माणसांवरून तरी या गोळीनं फरक पडलेला दिसत नाही."

व्हरांड्यात कुजबुज झाली. कुणीतरी विचारलं, मग डॉक्टरनं दिलेली बी-ट्वेल्वची गोळी बंद करायची का. "नाही, नाही. रक्त तपासून कमतरता निघाली म्हणून दिलेलं औषध वेगळं. ते चालू ठेवायचं. मी बोलतेय ते कमतरता नसताना, केवळ सर्दी-निमोनिया टाळायला म्हणून घेतलेल्या गोळ्यांबद्दल."

मग ज्याला हवं त्याला आपली बाटली कुठली होती ते सांगणं सुरू झालं. लिंबाजी सगळ्यांच्या पुढं.

"तुमची खरी होती, काका."

लिंबाजींनी मागं वळून शेषेरावांकडं पाहिलं. शेषेरावांची रिकामी होती. ते डॉक्टरांकडं असे बघत राहिले, जणू आपल्या घरातून काही चोरीला गेलं आणि चोर समोर उभा आहे.

"पन मॅडम," शेषेराव म्हणाले आणि थांबले. चार माणसांत विचारावं की नाही, असं झालं त्यांना. शेवटी लिंबाजींच्या कानाजवळ येऊन कुजबुजले, "माजीपन पिवळीच व्हायची."

लिंबाजींनी ते लगेच मोठ्यानं विचारून टाकलं. व्हरांडा हसला. डॉक्टरही हसल्या. "लघवी पिवळी करणारं एक व्हिटॅमिन आम्ही दोन्ही गोळ्यांत रंगापुरतं घातलं होतं. मुद्दामच. तुमच्यासारखं कुणीतरी तपासणार, हे माहीत होतं."

लिंबाजी खूश झाले. इतके की आपण खरी गोळी घेऊनही आजारी पडलो, याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. "आन शेषेराव आजारी का न्हाई पडले?"

"माहीत नाही. एकट्या माणसाबद्दल नाही सांगता येत."

डॉक्टरांनी या वयाच्या माणसांसाठी फ्लूची आणि निमोनियाची लस असते, हेही सांगितलं. लिंबाजींनी त्यावरही बरेच सवाल विचारले, इतके की चहा थंड झाला. लस कधी मिळेल हे पंचशीलाबाईंनी मधेच विचारून घेतलं आणि दोघांचं नाव सांगून टाकलं. आदर्शला त्यांनी तिथूनच फोन लावला, नवी बाटली आणू नको म्हणून.

 परतताना स्टेशन रोडला आल्यावर शेषेराव म्हणाले, "लिंबाजी, गुडघे खरंच हलके झाले व्हते रे. मी खोटं न्हाई बोललो."

"मी कुटं म्हनलं खोटं."

"मग ते कशानं झालं?"

लिंबाजींनी विचार केला. भूक लागली म्हणून माणूस जास्त जेवला, जेवला म्हणून जास्त चालला असेल, चालला म्हणून गुडघे सुटले असतील, की गोळी घेतली याच भरवशावर? एकाही उत्तरावर त्यांना बोट ठेवता येईना. "अजूनबी हलके हायेत का?"

"हाव. आत्ता तरी हायेत."

"रिकामी व्हती हे कळल्यावरबी?"

शेषेराव थबकले. एक पाय पुढं टाकून पाहिला, मग दुसरा. "हाव की."

लिंबाजी त्यांच्या थोडं मागं राहिले आणि त्यांच्या चालण्याकडं बघत चालू लागले. समोरून उसाची ट्रॉली येत होती. पंचशीलाबाईंनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरून त्यांना रस्त्याच्या कडेला ओढलं.

"गुडघ्यांकडं बगत चालू नका," त्या म्हणाल्या. "समोर बगा."