शेटजींचा ड्रायव्हर

वाशीमच्या एका कापूसवाल्या शेटजींची जुनी मोटार तो चालवायचा. बोलताना त्याचा एक हात कायम बॉनेटवर असे, आणि मोटारीला तो 'बाई' म्हणे. "बाई आज रुसून राह्यली," असं काळजीनं सांगे.

शेटजींनी मोटार विकायला काढली. मी खेड्यापाड्यांत फिरणारा डॉक्टर. नवी मोटार मला परवडणारी नव्हती. ही घेतली तर ड्रायव्हर म्हणून त्यालाच ठेवायचं ठरलं होतं. नाहीतर त्याची नोकरी जाणार होती.

मोटार दाखवायला त्यानं मला अनसिंगच्या रस्त्यानं नेलं. चढावर थांबून त्यानं बॉनेट उघडलं आणि इंजिनाला गेलेली चीर दाखवली.

"डॉक्टरसायेब, घेऊ नोका हे."

"अन् तुझं काय?"

"माह्यं मी पाहून घेईन. तुमी एखाद्या बाळंतिणीकडे निघसान, अन् हे मधातच बंद पडंन."

परतताना मात्र एकेक खड्डा चुकवत तो तिला हळुवार आणत होता.

मी ती मोटार घेतली नाही. ती भंगारात गेली आणि तो जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी वाहू लागला. भेटला की हसून विचारायचा, "सायेब, भेटली का चांगली मोटार?"

उत्तर देताना मला त्याच्या सोललेल्या खांद्यांकडे बघवत नसे.