नायक रमण गावडेचा तिसरा अर्ज

रमण गावडे जिना चढतोय हे मला दार न उघडता कळतं. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या बिल्डिंगमधली बाकी माणसं ड्युटीवरून पाय ओढत वर येतात. हा गडी दिवसभर मॉलच्या पार्किंगमध्ये उन्हात उभा राहूनही कवायतीच्या चालीने येतो. सावंतवाडीकडचा माणूस, पंधरा वर्षं फौजेत काढून पेन्शनीवर आलेला, आता मस्कतमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर. माझं दुकान ज्यांच्या नावावर आहे ते ओमानी मालक, आमचे अर्बाब अहमद, त्याला 'जनरल' म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा याने गंभीरपणे दुरुस्ती केली, "नाही साहेब, नायक," आणि नायकाच्या दोन फिती कुठे असतात ते दंडावर बोटाने काढून दाखवलं. थट्टा कळत नाही एवढाच याचा दोष, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आम्ही दोन कुटुंबं एका फ्लॅटमध्ये राहतो. मी रशीद, रत्नागिरीकडचा, आणि माझी बायको सकिना एका खोलीत. रमण आणि त्याची बायको कलावती दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकघर एकच. एका ओट्यावर दोन बायका म्हणजे रोज ठिणगी पडायला हवी, पण कलावतीवहिनी भांडतच नाहीत. सकिना वैतागून म्हणते, "यांच्याशी भांडायचं म्हणजे मलाच दोन्ही बाजूंनी बोलायला लागतं."

रमणला एकच गोष्ट हवी होती. परत वर्दी. आपल्याकडे डीएससी नावाचं दल आहे. फौजेतून सुटलेल्या जवानांना त्यात पुन्हा भरती होता येतं. लष्कराचे डेपो, कारखाने यांच्या पहाऱ्यावर ठेवतात. रमणच्या बरोबरीचे कितीतरी जण गेले. याच्या डिस्चार्जच्या कागदांवर मात्र शेरा होता: पुन्हा भरतीस अपात्र. कारण काय, तर नोकरीच्या शेवटच्या काळात हा एकदा रजेवरून उशिरा परतला होता आणि त्याची लाल शाईने नोंद झाली होती. वयाची अट जवळ येत चालली होती. ती ओलांडली की विषय खलास.

आता अर्ज लिहिणं हा माझा धंदा. रुवीच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान आहे. व्हिसापासून पोराच्या शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळं मी लिहून देतो. आणि माझ्याच घरात राहणाऱ्या या शहाण्याने पहिला अर्ज मला न विचारता पाठवून दिला. नकार आल्यावर दाखवायला आणला. त्यात लिहिलं होतं, चूक माझी होती, शिक्षा भोगली, पुन्हा संधी मिळावी. बस.

"हा अर्ज आहे की तार?" मी विचारलं.

"अजून काय लिहायचं, रशीदभाई? चूक तर माझीच."

दुसरा अर्ज मी लिहिला. त्याची चांगली वागणूक, सीमेवरची वर्षं, धावण्यातलं मेडल, सगळं मीठमसाला लावून. तोही परत आला. उत्तर सरळ होतं: उशिरा येण्याचं कोणतंही नवीन कारण दाखवलेलं नाही. माझ्या हातचा अर्ज परत आला याचा मला रमणपेक्षा जास्त राग आला, हे खरं.

एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसलो आणि त्याला समोर बसवलं. "आता नीट सांग. का थांबला होतास गावाला?"

"गणपती होता घरात."

"आणि साहेबांपुढे हेच सांगितलंस?"

"पलटणीत परतल्यावर साहेबांपुढे पेशी झाली. त्यांनी विचारलं, गणपतीसाठी थांबलास? मी म्हटलं, जी साहेब. अजून काही म्हणायचंय का विचारलं. म्हटलं, नाही साहेब."

माझं डोकं फिरलं. कोकणातल्या माणसाचं गणपतीवर किती प्रेम असतं ते मला कुणी शिकवायला नको. आमच्या मोहल्ल्यातली पोरंसुद्धा त्या दिवसांत शेजारच्या वाडीत जाऊन मोदक हाणून यायची. पण हा माणूस? मस्कतला आल्यापासून गणपतीच्या दिवसांत हा स्वतःहून जादा ड्युटी मागून घेतो. ओळखीतल्या कुणाकडे आरतीला बोलावलं तर कलावतीवहिनींचं नेमकं डोकं दुखतं. मला ते गणित कधीच जुळलं नव्हतं आणि आता तर मी ओरडलोच, "एका सणापायी वर्दी घालवलीस! तेवढी तरी भक्ती कर मग! इथे तर देवाकडे पाठ फिरवून बसलायस!"

स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. हात ओले होते. रमणकडे बघत म्हणाल्या, "सांगा त्यांका."

"कला, तू गप रव."

"गप्पच आसंय. इतकी वर्सां गप्पच आसंय. माका आता बोलूक देवा."

मग त्या सकिनाशेजारी खाली बसल्या आणि आम्हाला समजेल अशा मराठीत सांगायला लागल्या. बोलताना त्या सकिनाकडेच बघत होत्या.

त्या वर्षी त्यांना पाचवा महिना लागला होता. आधी दोनदा दिवस राहून खाली झालं होतं, म्हणून या वेळी नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. रमण रजेवर आला होता. गणपती बसायच्या आदल्या दिवशी मूल गेलं. गावडेंचा गणपती सगळ्या भावकीचा, एकाच मोठ्या घरात बसणारा. मुंबई-पुण्याहून चाळीसेक माणसं येऊन उतरलेली. घरात असं काही झालं हे कळलं असतं तर विटाळ म्हणून मूर्ती पाटावर आलीच नसती. "माझ्यामुळे सगळ्यांचा देव अडला असता," वहिनी म्हणाल्या. "दर वर्षी तेच बोलून दाखवलं असतं. मी यांना शपथ घातली, कुणाला म्हणून सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या बायकांमध्ये बसून मोदक वळत होत्या. थोरल्या जाऊबाईंनी, प्रेमावहिनींनी, हाक मारली आणि नाही म्हणायला कारण नव्हतं. तिसऱ्या दिवशी रक्त थांबेना. रमणने घरात सांगितलं, ताप आहे, आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कुणाला काही माहीतच नाही, तर मागे थांबणार कोण? रजा संपली तेव्हा तो दवाखान्याच्या बाकावर बसलेला होता. पलटणीत गेल्यावर साहेबांनी सणाचं विचारलं आणि याने हो म्हटलं. भरल्या पेशीत, दहा माणसांसमोर, बायकोची शपथ मोडून हे बोलायचं कसं?

सकिनाने वहिनींचा ओला हात धरला होता तो सोडला नाही. मी लॅपटॉपकडे बघत बसलो. मला स्वतःची लाज वाटत होती आणि रमणचा रागही येत होता, आणि त्या दोघांवर मायाही दाटून आली होती.

"हे लिहिलं तर होईल?" वहिनींनी विचारलं.

"होईल, इन्शाल्ला. दवाखान्याचे कागद तिथून मागवता येतील."

"मग लिहा."

पण रमण उठून उभा राहिला. "आधी घरी सांगायला पाहिजे. घरच्यांच्या आधी साहेबांना कळलं, हे बरोबर नाही." वहिनींचा चेहरा उतरला. साहेबांना कळवणं सोपं होतं. ते लांब कुठेतरी होते, त्यांचा गणपती बाटला नव्हता.

फोन वहिनींनीच लावला, स्पीकरवर ठेवला, म्हणाल्या शिव्या पडल्या तर दोघांनी ऐकायच्या. प्रेमावहिनी आधी हवापाण्याचं बोलत होत्या. मग कलावतीवहिनींनी एका दमात सगळं सांगून टाकलं. लाईन कटली असं समजून रमण फोन उचलायला गेला.

"गे बाय माझे," प्रेमावहिनींचा आवाज आला तो रडवेला. "आणि मी तुका मोदक वळूक बसयलंय!"

"वहिनी, देवाचा काय…"

"देवाचा मी बघतलंय. देव काय आपलो वैरी आसा? माका सांगूक व्हया होता गे. मी तुझ्या उशाशी बसलंय असतंय."

कलावतीवहिनी त्यानंतर जशा रडल्या, तसं मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. रमण भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी आणि सकिना आमच्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं.

तिसरा अर्ज मी लिहिला, पण शब्द वहिनींचे. मीठमसाला नाही. दवाखान्याचे कागद रमणच्या भावाने काढून पाठवले. स्वतः प्रेमावहिनींनी, कुणी न मागता, एक जबाब लिहून दिला की धाकटी जाऊ आजारी होती आणि घरातली मोठी असून मला कळलं नाही.

उत्तर यायला बरेच महिने लागले. आलं तेव्हा ते माझ्या दुकानाच्या ईमेलवर होतं. मी दुकान अर्बाबच्या भरवशावर टाकून घरी पळालो. रमण नुकताच ड्युटीवरून आला होता, सुपरवायझरचा शर्ट अर्धा काढलेला. मी वाचायला लागल्यावर त्याने तो परत घातला आणि बटणं लावली. इंग्रजी वाचत मी मराठीत सांगत होतो. लाल शाईची नोंद पुसता येणार नाही. मात्र ती यापुढे भरतीच्या आड येणार नाही. अपात्रतेचा शेरा रद्द. उमेदवाराने वैद्यकीय आणि शारीरिक चाचणीसाठी हजर राहावं.

"चाचणी?" रमण म्हणाला. "आजपासून धावायला लागतो." आणि हसला. खरंच हसला, दात दिसेपर्यंत. सकिना साखर आणायला आत धावली.

"अजून एक ओळ आहे, कारणाची," मी म्हणालो. "संबंधित काळात अर्जदाराच्या अपत्याचा मृत्यू झाल्यामुळे हा उशीर क्षम्य मानण्यात येत आहे."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. "काय म्हटलंय?"

मी पुन्हा वाचलं.

"अपत्य म्हटलंय?"

"हो वहिनी. चाइल्ड असं लिहिलंय."

दवाखान्याच्या कागदांवर तो शब्द नव्हता. घरात तर कोणताच शब्द नव्हता. त्या जवळ आल्या, मोबाईलच्या स्क्रीनवर मी दाखवलेल्या जागी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. इंग्रजी त्यांना येत नाही.

"रशीदभाई," त्या म्हणाल्या, "याच्या दोन प्रिंट काढा. एक यांना भरतीला न्यायला लागेल. एक मला द्या."